ठाकुर्लीची एम्बसी

ठाकुर्लीला भाड्याच्या खोलीत राहायला येऊन मला तीनच दिवस झाले होते, तेव्हा दाराखालून एक बंद पाकीट आत सरकलं. आत जाड पांढरा कागद आणि त्यावर टाइप केलेला मजकूर :

"तळमजला पहिल्या मजल्यास सादर अभिवादन करून कळवू इच्छितो की, काल सायंकाळी बाल्कनीतील कुंड्यांना घातलेले पाणी तळमजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर उतरले. ही बाब अनवधानाने घडली असावी, असा तळमजल्यास विश्वास आहे. या संधीचा लाभ घेऊन तळमजला पहिल्या मजल्याविषयी आपला परम आदर पुन्हा एकदा व्यक्त करतो."

खाली सही नव्हती, नुसती बारीक आद्याक्षरं होती.

मला वाटलं, कोणीतरी गंमत केली. मी धावत खाली गेले. दार उघडलं ते एका ताठ, बारीक चणीच्या म्हाताऱ्या बाईंनी. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, सुती साडीला कडक इस्त्री. याच माझ्या घरमालकीणबाई. खोली मी एजंटमार्फत घेतलेली, त्यामुळे ही आमची पहिलीच गाठ.

"सॉरी हां बाई, मला माहीतच नव्हतं खाली चादर..."

"तोंडी नको," त्या म्हणाल्या. "लेखी दे. घाई नाही. अठ्ठेचाळीस तासांत आलं तरी चालेल."

आणि दार लावून घेतलं. रागाने नाही, अगदी हळू.

मी तेव्हा ठाण्याला कोलशेत रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅबच्याच एका फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, 'सॉरी बाई, परत असं होणार नाही,' आणि त्यांच्या दारात सरकवलं. दुसऱ्या दिवशी तो कागद परत आला. समासात लाल शाईने लिहिलं होतं : 'अभिवादन राहिले. शिवाय "सॉरी" म्हणजे नक्की काय? खेद की दिलगिरी? दोन्हींत फरक आहे.'

तो फरक शिकायला मला पुढे तीन वर्षं मिळाली.

बाईंचे वडील रेल्वेत होते. आता जिथे नाइन्टी फीट रोड आहे त्याच्या मागच्या बाजूला, सगळी भातशेती होती तेव्हा, त्यांनी हे दोन मजली घर बांधलं. बाई बाविसाव्या वर्षी स्टेनो म्हणून दिल्लीला परराष्ट्र खात्यात लागल्या आणि मग पस्तीस वर्षं या देशातून त्या देशात आपल्या एम्बस्यांमध्ये राजदूतांची पत्रं टाइप करत फिरल्या. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन थेट ठाकुर्लीला आल्या आणि बापाच्या घरात राहू लागल्या. आजूबाजूचे त्यांना एम्बसीवाल्या बाई म्हणायचे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मीसुद्धा 'एम्बसीच्या समोर' असंच सांगायला लागले, आणि तो बरोबर आणून सोडायचा.

त्यांच्याकडे शब्दांची एक शिडी होती. सर्वांत खालची पायरी म्हणजे नुसती दखल. मग चिंता, मग तीव्र चिंता, मग खेद, मग नापसंती. अगदी शेवटी, क्वचितच, निषेध. गाडीवरच्या भाजीवाल्याने किडका दुधी दिला, तेव्हा मी तावातावाने भांडायला निघालेले. त्यांनी मला हाताने थांबवलं.

"आल्या आल्या निषेध केलास, तर उद्या काय करशील? रडशील?"

मग त्या गाडीपाशी गेल्या आणि भाजीवाल्याला शांतपणे म्हणाल्या, "कालच्या दुधीबद्दल मला चिंता वाटते." भाजीवाला गोंधळला, पण दुधी बदलून दिला. पुढे तो इतका तयार झाला की बाई फाटकात दिसल्या की लांबूनच विचारायचा, "आज चिंता का बाई, की खेद?"

वर्तमानपत्र त्या शेवटच्या परिच्छेदापासून वाचायच्या. म्हणायच्या, "बातमीचा पहिला परिच्छेद सरकार लिहितं. शेवटचा वार्ताहर लिहितो."

मला एकदा डेंग्यू झाला. गावी चिपळूणला कळवलं नव्हतं, खोलीत एकटीच तापाने पडलेले. दुपारी पाकीट आत आलं : 'पहिल्या मजल्याच्या प्रकृतीविषयी तळमजल्यास तीव्र चिंता वाटते.' पाठोपाठ भांडं वाजलं. दार उघडून बघते तर पायरीवर मऊ पेज, वर तुपाचा थेंब, बाजूला लिंबाचं लोणचं. दहा दिवस दिवसातून तीनदा ते भांडं येत राहिलं, आणि एकदाही त्या स्वतः वर आल्या नाहीत. दुसऱ्याच्या हद्दीत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

रविवारी मात्र मला खाली जेवायला बोलावणं असायचं, अर्थात लेखी. रविवारचा पदार्थ ठरलेला होता : टोमॅटो आणि भरपूर मिरची घातलेली दाट दाण्याची आमटी आणि भात. ही आमटी उपासाची नव्हती, पश्चिम आफ्रिकेतली होती. त्यांचं शेवटचं पोस्टिंग तिथल्या एका लहानशा देशात झालं. देशाचं नाव त्या घ्यायच्या नाहीत, 'आमचं शेवटचं पोस्टिंग' एवढंच म्हणायच्या. मीही ते इथे घेत नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे त्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे.

ही आमटी त्यांना एम्बसीच्या गेस्ट हाउसमधल्या स्वयंपाकिणीने शिकवली. त्या बाईची मुलगी फातू तेव्हा दहा वर्षांची होती. शाळा सुटली की ती बाईंच्या टाइपरायटरशेजारी येऊन बसायची आणि अक्षरं कागदावर उमटताना बघायची. बाईंनी तिला टाइपिंग शिकवलं, मग इंग्रजी, मग तिच्या शाळेची फी भरायला सुरुवात केली आणि ती वकील होईपर्यंत भरत राहिल्या. फातू पुढे तिथल्या निवडणूक कार्यालयात लागली आणि एका जिल्ह्याची प्रमुख झाली. मतमोजणी पूर्ण झाल्यावर निकालाच्या कागदावर तिची सही लागायची. बाईंच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने फातूचे फोटो चिकटवलेले होते : शाळेच्या गणवेशातली, काळ्या कोटातली, ऑफिसच्या टेबलामागे हसणारी. मी एकदा म्हटलं, "तुमची मुलगीच म्हणायची की." बाई म्हणाल्या, "विद्यार्थिनी." आणि कपाट लावलं.

एका सकाळी मी डबा भरत होते तेव्हा दारावर टकटक झाली. बाहेर बाई उभ्या. चिठ्ठी नाही, पाकीट नाही. पहिल्यांदाच जिना चढून आलेल्या.

"वर येऊ का?" त्यांनी विचारलं. त्या वरच होत्या.

हातात वर्तमानपत्र आणि मोबाइल. आतल्या पानावर चारच ओळींची बातमी होती : त्या देशात लष्कराने सत्ता घेतली, निवडणुकीचा निकाल रद्द. मोबाइलवर फातूच्या आईने बोलून पाठवलेले सहा निरोप आले होते आणि ते ऐकायचे कसे ते बाईंना माहीत नव्हतं. मी एकेक लावून दिला. एक म्हातारी बाई हुंदके देत फ्रेंचमध्ये बोलत होती. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि एकेक वाक्य मला मराठीत सांगत गेल्या. मला सांगायची गरज नव्हती. मला वाटतं, त्यांना स्वतःलाच ते कळून घ्यायचं होतं.

"ती म्हणते, रेडिओ स्टेशनवर सैनिक आहेत. ती म्हणते, काल दुपारी ते पोलिसांना घेऊन निवडणूक कार्यालयात आले. मोजणी खोटी होती असा एक कागद सगळ्यांपुढे ठेवला. बाकीच्यांनी सह्या केल्या. फातूने केली नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "ती म्हणते, फातूला घेऊन गेले."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पण मग तिथे पोलिसात जाता येणार नाही का?"

"पोलिसांनीच नेलंय गं."

त्या दिवशी मी लॅबला गेले नाही.

संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर काम सुरू झालेलं होतं. जेवणाच्या टेबलावरून मीठ-लोणचं उचललं गेलं, त्यावर इलेक्ट्रिक टाइपरायटर आला. बाई टाइप करायच्या, मी मोबाइलवर फोटो काढून ईमेल करायची, आणि मूळ प्रती डोंबिवलीच्या पोस्टातून स्पीड पोस्टने जायच्या. मुंबईतले कॉन्सुलेट, दिल्लीतल्या एम्बस्या, त्या देशाच्या शेजारी देशांची परराष्ट्र खाती, आपलं खातं. रोज तीन पत्रं, फ्रेंचमध्ये नाहीतर इंग्रजीत.

"असल्या पत्रांनी जनरल घाबरतो?" मी विचारलं.

"पत्राला नाही घाबरत. त्याला भीती असते ती शेजारी तोंड फिरवतील याची, परदेशातली बँक खातं गोठवेल याची, आणि परिषदेत आपली खुर्ची रिकामी ठेवतील याची. सगळीकडून दाब आला की एक दिवस शेजारी देशांचं शिष्टमंडळ येतं. ते निवडणुकीची तारीख मागतं आणि एक यादी पुढे ठेवतं, या लोकांना सोडा म्हणून. तारखेवर जनरल घासाघीस करतो. यादीतली माणसं मात्र सोडतो. त्याला ते स्वस्त पडतं." त्यांनी कागद रोलरमध्ये घातला. "आपल्याला फक्त एवढंच करायचंय, फातू त्या यादीत गेली पाहिजे."

प्रत्येक पत्रात फातूची माहिती असायची : पूर्ण नाव, बापाचं नाव, हुद्दा, कुठल्या बराकीत ठेवलंय, कधीपासून. त्यामुळे प्रत्येक पत्र दोन पानांवर जायचं. एका शुक्रवारी, शुक्रवार म्हणजे आमच्याकडे दिवसभर लाइट नसण्याचा वार, त्या हाताने मजकूर लिहीत असताना मी सहज म्हटलं, "बाई, जरा कमी केलं तर एका पानात बसेल ना. लोक दुसरं पान वाचत नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आमच्या शेवटच्या पोस्टिंगला असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाही लष्कर, तेव्हाही शिष्टमंडळ. आमच्या राजदूतांकडे बऱ्याच घरांतून नावं आलेली. साहेबांनी मला यादी टाइप करायला सांगितली. अठरा नावं. सतराव्या नावाशी पान संपलं. मी नवीन कागद घेतला, मध्ये कार्बन घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवला आणि पहिलंच पान पाकिटात घातलं."

मी आदल्या दिवशीच्या पत्राची दोन्ही पानं एकत्र टाचली.

"सतरा लोक सुटले. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी साहेबांना सांगितलं, त्यांनी लगेच तार केली, पण शिष्टमंडळ परत गेलेलं. अठरावा एका शाळेचा मुख्याध्यापक होता. बाजारात भेटला की टोपी काढायचा मला बघून." त्यांनी कागदाची कड बोटाने सरळ केली. "तो परत आला नाही. साहेब म्हणाले, तुमची चूक नाही. पण ते चांगले गृहस्थ होते, ते तसंच म्हणणार."

त्यानंतर मी पानांबद्दल कधी बोलले नाही.

दक्षिण मुंबईतल्या एका कॉन्सुलेटमध्ये त्यांना पत्र स्वतः द्यायचं होतं. ज्या देशाचं ते कॉन्सुलेट होतं, त्याचं पश्चिम आफ्रिकेत वजन होतं म्हणे. आम्ही गाडी करून गेलो. गेटवरच्या गार्डने पत्र घेतलं नाही. अपॉइंटमेंट नाही म्हणाला. बाई फुटपाथवर तासभर उभ्या राहिल्या आणि परत आल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गार्डलाच दया आली, त्याने आत फोन केला. एक तरुण परदेशी अधिकारी कपाळाला आठ्या घालून बाहेर आला, पत्र उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागला. पहिलं पान उलटलं. दुसरं पण वाचलं.

"हे कोणी लिहिलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"आमच्या ऑफिसात आता असं कोणी लिहीत नाही, मॅडम." त्याने बाईंना आत नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत आणून दिली. परत येताना बाईंनी ती प्रत दोन्ही हातांत धरलेली. मुलुंड आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनी पर्ससुद्धा मांडीवरून खाली घसरू दिली होती.

दोन आठवड्यांनी शेजारी देशांनी सीमा बंद केल्या. बाईंच्या पत्रांत 'कठोर उपाय योजावेत' असं होतंच. मी बातमी वाचून आनंदाने खाली गेले. "बाई, झालं की तुमच्या मनासारखं!"

त्या संध्याकाळी फातूच्या आईचा निरोप आला. ट्रक येत नाहीत, कांदा दिसत नाही, औषधांची दुकानं रिकामी. तिला मधुमेह होता आणि इन्सुलिन आठवडाभर पुरेल इतकंच उरलेलं. तक्रार नव्हती. ती नुसतं सांगत होती.

दोन दिवस तळमजल्यावरून टाइपरायटरचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी पाकीट आलं : 'तळमजला पहिल्या मजल्यास कळवू इच्छितो की, त्याच्याकडून चूक झाली आहे.' अभिवादन नव्हतं.

मी खाली धावले. बाई टेबलाशी बसलेल्या, हात मांडीवर.

"सीमा बंद झाली की जनरलच्या घरी विमानाने सामान येतं," त्या म्हणाल्या. "दुकान रिकामं होतं ते फातूच्या आईच्या गल्लीतलं. हे मला माहीत असायला हवं होतं. मी तिथे राहिलेय."

"बाई, तुमच्या पत्राने थोडीच सीमा बंद झाली?"

"असं पत्र लिहिणाऱ्याने म्हणायचं नसतं. माझ्या पत्राने वाईट होत नाही म्हणायचं, तर मग चांगलंही होत नाही म्हणावं लागेल. मग लिहायचं कशाला?"

इन्सुलिनबद्दल मात्र मला थोडंफार कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती कोलशेतच्या पुढच्या एका जुन्या ख्रिश्चन गावातली. तिची एक मावशी नन होती आणि आफ्रिकेत कुठेतरी नर्स म्हणून असायची एवढं मला माहीत होतं.

"कुठे गं असते तुझी मावशी?"

तिने देशाचं नाव सांगितलं. फातूच्या देशाच्या अगदी शेजारचा.

"सीमेपासून लांब आहे?"

"मला काय माहीत! थांब, विचारते." तिने जेवणाच्या सुट्टीत मावशीला मेसेज केला. उत्तर आलं ते हसत हसत तिने वाचून दाखवलं : "मावशी बोलते, आमच्या मिशनच्या गच्चीवरून पलीकडची कोंबडी दिसते. पत्ता पाठव बोलते."

सीमेवर ट्रक अडवत होते, पण सकाळी डोक्यावर पाव घेऊन जाणाऱ्या बायकांना सोडत होते. त्यातल्या एकीच्या टोपलीतून, बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये, मावशीने दिलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या पलीकडे गेल्या. पुढे दर दहा दिवसांनी जात राहिल्या. फातूच्या आईने थर्मासचा फोटो पाठवला. बाई तो फोटो कितीतरी वेळ बघत होत्या. मग टेबलाशी गेल्या आणि सगळ्यांना नव्याने पत्र लिहिलं : अधिकाऱ्यांची खाती आणि व्हिसा बंदच ठेवा, औषधांचा रस्ता उघडा. आणि खाली फातूचं नाव, दोन पानं.

एव्हाना शिष्टमंडळाची बातमी आलेली. त्याचे प्रमुख शेजारच्या देशाचे माजी अध्यक्ष होते. बाईंनी नाव वाचलं आणि उठून जुनी डायरी काढली. "हा तरुणपणी आमच्या साहेबांकडे ब्रिज खेळायला यायचा," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणजे त्यांचे तेव्हाचे राजदूत. आता नव्वदीचे, पुण्याला मुलाकडे राहत. फोन सुनेने उचलला.

"बाबांना हल्ली काही आठवत नाही हो. आम्हालाही ओळखत नाहीत."

"मला ओळखायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "फक्त फोन त्यांच्या कानाला लावा." आणि वही-पेन्सिल पुढे ओढून, पाठ ताठ करून इंग्रजीत म्हणाल्या, "सर, नोटबुक तयार आहे."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मी फोन स्पीकरवर ठेवलेला. बाईंनी तीन वाक्यांत परिस्थिती सांगितली : कोण पकडलं गेलंय, का, आणि बोलणी करायला कोण चाललंय. मग थांबल्या.

"तो?" एक जाड, जुना आवाज आला. "तो पत्ते फार वाईट खेळायचा." थोडा खोकला. "घ्या लिहून. माझ्या प्रिय मित्रा, स्वल्पविराम..."

सहा वाक्यं सांगितली त्यांनी, न अडखळता. त्यात फातूचं नाव दोनदा होतं. बाईंची पेन्सिल वहीवर सळसळत होती. शेवटी ते म्हणाले, "वाचून दाखवा." बाईंनी वाचलं. "ठीक," ते म्हणाले. आणि मग एकदम वेगळ्याच, भेदरलेल्या आवाजात, "मिस, आपलं विमान कितीचं आहे? सामान बांधलेलं नाही अजून."

"खूप वेळ आहे सर," बाई हळू म्हणाल्या. "तुम्ही आराम करा. मी बघते."

बाईंनी पत्र टाइप करून पुण्याला पाठवलं, सुनेने त्यावर सही घेऊन ते परत पाठवलं. सही थरथरती, पण ओळखू येण्यासारखी होती. बाईंनी ते ज्याच्या हातात पडायला हवं त्याच्यापर्यंत कसं पोचवलं, ते मला आजही नीट माहीत नाही. त्यासाठी त्यांनी एका दिवसात अकरा फोन केलेले.

शिष्टमंडळ गेलं, चार दिवस बोलणी झाली. पाचव्या दिवशी करार रेडिओवर वाचला जाणार होता. तिथले दुपारचे बारा म्हणजे आपले साडेपाच. फातूच्या आईने आपला फोन रेडिओशेजारी ठेवून दिला. इकडे आम्ही दोघी टेबलाशी. बाईंसमोर वही.

रेडिओवरचा माणूस संथपणे वाचत होता. बाई लिहिता लिहिता मला सांगत होत्या, "निवडणूक आठ महिन्यांत... लष्कर बराकीत परत... पुढील व्यक्तींची सुटका..." मग नावं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं. प्रत्येक नावासाठी पेन्सिल टेकायची आणि उचलली जायची. बारावं नाव झालं आणि पलीकडे धाडकन आवाज होऊन लाइन बंद पडली.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाईंची पेन्सिल तशीच कागदापासून बोटभर वर थांबलेली. मी म्हटलं, "बाई, चहा करू?" त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत गेला. त्यांना ऐकूही आलं नाही. मी लावतच राहिले. पाऊण तासाने फोन आपणहून वाजला.

फातूची आई मोठमोठ्याने काहीतरी बोलत होती.

"काय म्हणतायत?" मी बाईंचा हात धरला.

"कळत नाही. ही फ्रेंच नाही. तिची भाषा आहे, ती मला येत नाही..." बाईंचा आवाज चिरकला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

मग फोनवर दुसरा आवाज आला. बसलेला, घोगरा, तरुण बाईचा. त्याने बाईंना नावाने हाक मारली.

सकाळीच सैन्याच्या ट्रकने यादीतल्या सगळ्यांना बाजारात आणून उतरवलं होतं. फातू तिथून चालत निघाली आणि रेडिओवर बारावं नाव चालू असताना घराच्या दारात येऊन उभी राहिली. आईच्या धक्क्याने फोन खाली पडला होता.

बाई एकच वाक्य बोलल्या आणि मग फोन कानाला लावून नुसत्या ऐकत राहिल्या. मी नंतर विचारलं, काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "पायात काही आहे का, ते विचारलं. तुरुंगातून अनवाणी सोडतात."

पुढचं थोडक्यात सांगते. निवडणूक आठ नाही, अकरा महिन्यांनी झाली, पण झाली. फातू पुन्हा तिच्याच टेबलावर बसली. तिच्या जिल्ह्यात जनरलच्याच बाजूचा माणूस थोडक्यात निवडून आला आणि फातूने त्या निकालावर सही केली. मी हळहळले. बाई मात्र खुर्चीत मागे रेलून हसल्या. "म्हणजे मोजणी खरी झाली!" असं म्हणत डोळे पुसेपर्यंत हसल्या. देशात एकूण दुसरी बाजू जिंकली. माझं लग्न होऊन मी आता कल्याणला असते. बाई अजून ठाकुर्लीतच आहेत, आणि पहिल्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूने गेल्या महिन्यात मला फोन करून घाबरत विचारलं, "ताई, 'नापसंती' म्हणजे खोली सोडायला लागेल का?"

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती फातूचा फोन आला ती संध्याकाळ. फोन ठेवल्यावर बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मला भूक लागलीय." तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आम्ही रिक्षा केली आणि डोंबिवलीला फडके रोडवरच्या एका उडुप्याकडे गेलो. बाईंनी मसाला डोसा मागवला. तो संपवून इडली मागवली. मग माझ्या ताटातला मेदूवडा, न विचारता, उचलून खाल्ला. सांबाराचा ओघळ इस्त्रीच्या साडीवर पडला तो त्यांनी पाहिला आणि राहू दिला. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी लेकराचा वाढदिवस चालला होता, बाई त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होत्या.

वेटर बिल घेऊन आला. "अजून काही, आजी?"

"आइस्क्रीम," बाई म्हणाल्या.

"कुठलं देऊ? व्हॅनिला, पिस्ता, मँगो, केसर..."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. डोळे भरून आलेले, चेहरा इतका सैल, इतका थकलेला आणि इतका आनंदी की मला बघवेना.

"कुठलंही," त्या म्हणाल्या. "कुठलंही दे रे बाबा."